मेंदूतील रक्तस्राव का होतो?



वैद्यकाच्या विषयावर युनियनचा माणूस काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे. वाचले आणि विचारून घेतले, तेवढेच सांगतो.

धडधाकट गडी काम करता करता कोसळतो, तोंड वाकडे होते, आणि माणसे भगताकडे धावतात. 'अचानक झाले' म्हणतात. माझे म्हणणे असे, की बहुधा ते अचानक नसते. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे वाढलेला असला, म्हणजे मेंदूच्या गाभ्यातील बारीक धमन्यांच्या भिंती कडक व ठिसूळ होतात आणि एके दिवशी एखादी फुटते. मार न लागता होणाऱ्या रक्तस्रावाचे हे सर्वांत मोठे कारण. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी याच विकाराने गेले. दाब चढतो आहे हे त्यांच्या डॉक्टरांना दिसत होते. उतरवणारे चांगले औषध तेव्हा नव्हते. आज ते सरकारी दवाखान्यात मिळते.

संपाची नोटीस आम्ही मालकाला देतो. तो ती वाचत नाही, हा भाग निराळा! दाबाची नोटीस मात्र दुखत नाही, खुपत नाही. ती वाचते फक्त दंडाला बांधायचे यंत्र. म्हणून 'बरे वाटते' म्हणून गोळी सोडणे घातक.

हा श्रीमंतांचा रोग, ही समजूतही खोटी. 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या 86 खेड्यांत 2011 ते 2013 मधील 1599 मृत्यूंची चौकशी केली. त्यांतले 229 पक्षाघाताचे निघाले, गुठळीचे आणि रक्तस्रावाचे मिळून. त्यांपैकी दहांतले जवळजवळ नऊ घरीच वारले.

इतर कारणेही आहेत. म्हातारपणी धमन्यांच्या भिंतींत एक प्रथिन साचते. तरुणांत रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता किंवा धमनीवर आलेला फुगा फुटतो. फुगा फुटला की आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात उठते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दारू, बिघडलेले यकृत हीही कारणे. आपल्या नवापूर भागात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. त्या रोगात मुलांच्या मेंदूतील वाहिन्या बहुधा तुंबतात, तर ऐन विशीत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून अशा रोग्याला घरची ॲस्पिरिन देऊ नका, तोंडात पाणीही घालू नका. कुशीवर निजवून 108 ची गाडी बोलवा, आणि झटका किती वाजता आला ते डॉक्टरांना सांगा.