पिकअपची उंची कमी खर्चात कशी वाढवावी?



आज आपण पिकअप गाडीविषयी थोडे बोलू. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, दुधाचे कॅन, खताची पोती, सगळे आता हीच गाडी वाहते. डांबरी रस्ता तिला सोपा जातो. अडचण येते ती बांधापासून डांबरीपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण किलोमीटरात. चाकोरी खोल गेलेली, मधला उंचवटा वर आलेला, त्यात पावसाळ्याचा चिखल. गाडीचे पोट घासते. मग मालक मिस्त्रीला म्हणतो, "गाडी जरा उचलून द्या, पण खर्च बेताचा ठेवा."

मिस्त्री उचलूनही देतो. पण तशी उचललेली गाडी पुढे वळणावर कलंडली किंवा भरल्या मालाने वेळेवर थांबली नाही, तर वाचलेले पैसे काय कामाचे? म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. गाडीची हरवलेली उंची परत मिळवणे हाच सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे. कंपनीने दिलेल्या उंचीपेक्षा जास्त उंची विकत घेण्याच्या नादी लागू नका.

१. आधी माप घ्या

मापाला खर्च नाही. गाडी रिकामी करा. चारही टायरांत हवा बरोबर भरा. सिमेंटच्या सपाट ओट्यावर किंवा पेट्रोल पंपावर सपाट जागी गाडी उभी करा. चाकाच्या मधोमध, म्हणजे तुंब्याच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ टेप लावा. चारही चाकांचे माप वहीत लिहून ठेवा. गावात त्याच मॉडेलची नवी गाडी असेल तर तिचेही माप घ्या. दोन्ही मापांतला फरक म्हणजे तुमच्या गाडीने गमावलेली उंची. डाव्या-उजव्या बाजूत बोटभर फरक असेल तर त्या बाजूचा पाटा बसला आहे किंवा तुटला आहे असे समजा.

२. नेमके काय घासते ते पाहा

गाडीखाली वाकून खरचटल्याच्या खुणा पाहा. हे फार महत्त्वाचे आहे. बैलगाडीला जसा आख, तसा पिकअपला ॲक्सल. मागच्या ॲक्सलच्या मध्यावर डिफरन्शियलचा गोळा असतो. बहुतेक पिकअपमध्ये हाच गोळा जमिनीला सर्वांत जवळ असतो.

पाट्याखाली ठोकळे घातले की हौदा आणि चॅसी वर जातात. गोळा मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण तो चाकांच्या आधारावर आहे, पाट्यांच्या नव्हे. तेव्हा तुमच्या वाटेचा उंचवटा गोळ्याला लागत असेल, तर ठोकळ्यांवर घातलेला पैसा वाया जातो. गोळा वर जातो तो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मा. व्यास १ इंच वाढला तर गोळा अर्धा इंच वर. उलट घासण्याच्या खुणा चॅसीवर, पायरीवर किंवा मागच्या बंपरवर असतील, तर पाटे दुरुस्त करून फायदा होईल.

३. हरवलेली उंची परत कशी मिळवावी?

पहिला उपाय ओझ्याचा. गाडीच्या आर.सी. बुकात एकूण वजन आणि रिकामे वजन लिहिलेले असते. समजा एकूण ३,००० किलो आणि रिकामे १,७०० किलो आहे. राहिले १,३०० किलो. त्यात चालक आणि सोबत्याचे १४० किलो धरा. मालाला उरले १,१६० किलो, म्हणजे ५० किलोच्या २३ गोण्या. आपण भरतो ३०. हे साडेतीनशे किलो जादा ओझे रोज पाट्यांना वाकवते. एकदा वाकलेला पाटा आपण होऊन सरळ होत नाही. शिवाय जड माल हौद्याच्या मागच्या टोकाला न रचता केबिनच्या बाजूने रचा. मागचे बूड तेवढे कमी बसते.

दुसरा उपाय टायरचा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कंपनीने सांगितलेल्या मापाशी जुळतो का ते पाहा. स्वस्तात मिळतो म्हणून लहान मापाचा जुना टायर बसवला असेल तर उंची तिथेच गेली. हवा गाडी थंड असताना, दाराच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. टायर गुळगुळीत झाला असेल तर नवा घ्या. उंची फार तर सेंटीमीटरभर वाढेल, पण चिखलातली पकड मात्र पुष्कळ सुधारेल.

तिसरा उपाय शॅकल आणि बुशांचा. पाट्याच्या टोकाला कडी असते, तिला शॅकल म्हणतात. त्यातले रबरी बुश झिजले की पाटा सैल होतो, गाडी एका अंगाला झुकते आणि कुरकुरते. बुश बदलणे स्वस्त आहे आणि अर्ध्या दिवसात होते. बुश कंपनीच्या मापाचेच घाला.

चौथा आणि मुख्य उपाय पाट्यांचा. पाटा काम करतो तो त्याच्या कमानीमुळे. कमान सपाट झाली की गाडी बसते. जाणत्या पाटेवाल्या मिस्त्रीकडून जुड्या खोलून घ्या. तुटलेला पाटा बदला. बाकीच्यांना थंड ठोकाईने किंवा प्रेसवर पुन्हा कमान देता येते. येथे तीन गोष्टी सांभाळा. गॅस कटरने पाटा तापवून कमान देऊ देऊ नका. त्याने पोलादाचे पाणी उतरते, पाटा मऊ पडतो आणि लवकरच पुन्हा बसतो. तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरू नका. आणि पाट्यांची संख्या व जाडी कंपनीने दिली होती तीच ठेवा. जादा पाटे घातले तर रिकामी गाडी उसळते, चॅसीला तडे जाण्याची भीती राहते, आणि जादा ओझे भरण्याचा मोह वाढतो तो वेगळाच. पाटे फारच थकले असतील तर डाव्या-उजव्या दोन्ही जुड्या एकदमच नव्या घ्या. एकच बदलली तर गाडी तिरकी उभी राहील.

जुडी बसवताना यू-बोल्ट नवे वापरा. चार-आठ दिवस गाडी मालाने चालली की ते पुन्हा आवळून घ्या. यू-बोल्ट सैल राहिला तर मधला सेंटर बोल्ट कापला जातो आणि ॲक्सल जागचा सरकतो.

४. स्वस्त दिसणारे, पण घातक उपाय

गॅरेजात काही उपाय लगेच सुचवले जातात. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालणे, कधी कधी तर लाकडी. एकावर एक दोन ठोकळे रचणे. लांब शॅकल लावणे. कॉइल स्प्रिंग असेल तर तिच्या वेढ्यांत रबरी गोळे कोंबणे. हौदा आणि चॅसीमध्ये नळीचे तुकडे घालणे. या सगळ्यांत चार धोके आहेत.

पहिला धोका कलंडण्याचा. कडब्याची उंच रचलेली बैलगाडी उताराला कशी डोलते हे आपल्याला सांगायला नको. पिकअपचेही तेच. समजा दोन चाकांमधले अंतर १४० सेंटीमीटर आहे आणि भरलेल्या गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ११० सेंटीमीटरवर आहे. गाडी १० सेंटीमीटर उचलली की तो १२० वर जातो. वळणावर तोल धरण्याची ताकद तेवढ्याने सुमारे ८ टक्क्यांनी घटते. वर उंच थप्पी असेल तर आणखी घटते. हौद्यात मजूर बसलेले असतील तर विचारच नको. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवूच नयेत.

दुसरा धोका ब्रेकचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. अनेक पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व्ह असतो. गॅरेजात त्याला एल.एस.पी.व्ही. म्हणतात. चॅसी आणि ॲक्सल यांच्यातले अंतर पाहून तो ओझ्याचा अंदाज घेतो. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, मग मागचा ब्रेक जोरात लागतो. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, मग हलका. तुम्ही ठोकळे घालून अंतर वाढवलेत की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, आणि घाटात ऐन वेळी मागचा ब्रेक कमी पडतो. पाट्यांचे साधे काम केले तरी हा व्हॉल्व्ह तपासून जुळवून घ्या.

तिसरा धोका जोडांचा. मागचा भाग उचलला की इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो. क्रॉस-जॉइंट लवकर झिजतात. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. पुढच्या ॲक्सलवर तर ठोकळे कधीच घालू नयेत, कारण सुकाणू त्याच्याशी बांधलेले असते.

चौथा धोका मोठ्या टायरचा. टायर पूर्ण वळणात मडगार्डला घासतो, इंजिन आणि ब्रेक दोघांवरही ताण येतो, आणि वेगाचा काटा कमी दाखवतो. २७ इंच व्यासाऐवजी २८ इंचांचा टायर घातला तर गाडी ताशी ५६ किलोमीटरने धावत असताना काटा ५४ दाखवील.

५. कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आर.सी. बुकात नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. जादा ओझ्यासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठरवला. अपघात झाला तर बदललेल्या गाडीच्या दाव्यावर विमा कंपनी हरकत घेऊ शकते, आणि गाडीवर कर्ज असेल तर हप्ते आपल्याच डोक्यावर राहतात. मूळ मापाचे पाटे, बुश आणि टायर घालणे ही मात्र दुरुस्ती आहे. तिला हरकत नाही.

६. गाडीखाली जाताना

हे काम पाहण्यासाठी पुष्कळ जण स्वतः जॅक लावतात. आधी माल उतरवा. जागा घट्ट आणि सपाट हवी. मऊ जमिनीत जॅकखाली जाड फळी ठेवा. मागची बाजू उचलताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ओंडके लावा, कारण हँडब्रेक सहसा मागच्याच चाकांना धरतो आणि तीच चाके हवेत असतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अंग घालू नका. लोखंडी स्टँड लावा. विटांची थप्पी लावू नका, वीट एकाएकी फुटते.

७. गाडी वर नेण्याऐवजी वाट खाली आणा

गोळा घासत असेल तर खरा इलाज वाटेवर आहे. मधला उंचवटा ट्रॅक्टरच्या पात्याने खरवडून तीच माती चाकोरीत भरा. एका वाटेवर पाच-सहा खातेदार असतात. डिझेल वाटून घेतले तर एकेकाला फारसे ओझे होत नाही. काळ्या जमिनीत आधी कडेला चर काढून पाण्याला वाट द्या, मगच मुरूम टाका. पाणी साचत राहिले तर टाकलेला मुरूम चिखलात बसतो.

तोपर्यंत रिकामी गाडी नेताना एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे घट्ट कडेवर ठेवून चालवा. गोळा सुटतो. भरलेली गाडी अशी तिरकी चालवू नका. पावसाळ्यात बांधापासून डांबरीपर्यंत माल ट्रॅक्टरने आणा आणि पुढे पिकअपमध्ये भरा. दोनदा चढ-उतार करावी लागते खरी, पण गाडी टिकते.

पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. तिच्यातून रोजगार हमीच्या जोडीने अशी कामे केली गेली. सध्या आपल्या गावाला कोणत्या योजनेतून काम मिळू शकेल हे ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत विचारा, आणि ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून मागणी करा.

थोडक्यात लक्षात ठेवा

• आधी माप, मग मिस्त्री.
• घासतो तो गोळा की चॅसी, हे पाहून मगच खर्च करा.
• ओझे, टायर, बुश, पाटे याच क्रमाने जा.
• ठोकळे, लांब शॅकल, वेल्डिंग केलेला पाटा नको.
• पाट्यांचे काम झाले की ब्रेकचा व्हॉल्व्ह तपासा आणि आठवड्याने यू-बोल्ट आवळा.
• वाट दुरुस्त केली तर गावातल्या सगळ्याच गाड्यांची उंची वाढल्यासारखी होते.

येत्या हंगामाचा माल भरण्यापूर्वी एक सकाळ काढा आणि आपल्या गाडीचे माप वहीत लिहून ठेवा.