लाडाची हाक

कुणी भाकरी थापत असाल, कुणी कांदा निवडायला बसला असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा.

आपल्याकडं बारशाला नाव एक ठेवतात आणि हाक भलतीच मारतात. सोन्या, बबड्या, छकुली, चिमणे, पिल्लू. लेकीला तर आपण 'ये गं माझे आई' म्हणतो. हे काही आपल्यातच नाही. इटलीत लेकराला 'तेसोरो' म्हणतात, म्हणजे ठेवा, धन. आणि तिथं दक्षिणेकडं आई आपल्या लेकरालाच 'मम्मा' अशी हाक मारते! माया कुठलीही असो, ती नाती अशी उलटीपालटी करते.

आपल्या आज्या दळता दळता मुलाला राघू आणि लेकीला मैना म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. बाईनं मनातली माया मोकळी करायची जागा म्हणजे जातं. चारचौघांत लेकीचं कौतुक करायची सोय नव्हती ना!

आपल्या मुलखाला तर लाडाच्या नावांची सवयच आहे. १६३० साली शिवनेरीवर जन्मले ते शिवाजीराजे, पण आपल्या तोंडी शिवबा. वेद बोललेल्या रेड्याची समाधी आळ्याला आहे, तो ज्यांनी बोलवला ते आपले ज्ञानोबा. आणि बाप्याला 'माउली' म्हणायला वारकऱ्याला जराही संकोच वाटत नाही. लेण्याद्रीचा गणपती गिरिजात्मज, म्हणजे गिरिजेचा लेक. देवसुद्धा आईच्या नावानं ओळखला जातो.

आता जरा अवघड बोलू. पूर्वी लेकरं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवायचे. वाईट नाव ठेवलं की काळाची नजर पडत नाही, असा समज. नाव ओबडधोबड, पण पोटात माया. 'नकुशी'चं तसं नाही. तीही तशीच ओबडधोबड हाक, पण तिचा अर्थ 'तू नको होतीस' असाच आहे. पाठीवर मुलगा व्हावा म्हणून ती हाक पोरीनं जन्मभर ऐकायची. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेच्या वर नकुशींना समारंभानं नवी नावं दिली. पोरींनी आपापली नावं स्वतः निवडली, हे आम्हाला त्यात फार आवडलं.

काळे, जाडे, बुटके या हाकाही आपण 'लाडानंच म्हणतो' असं सांगतो. लाड आहे की नाही, हे म्हणणाऱ्यानं ठरवायचं नसतं. पोरीनं मान खाली घातली तर तो लाड नव्हे. आणि घरातलं 'पिल्लू' शाळेच्या फाटकापाशी ओरडायचं नाही. सातवीतल्या पोराला मेल्याहून मेल्यासारखं होतं! घरी, निजताना, ताप आला असताना मात्र तेच नाव औषधासारखं लागतं.

आता नवरा-बायको. आपण 'अहो' म्हणायचं, त्यांनी 'ए' म्हणायचं. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात! आम्हाला वाटतं, 'अहो'तही गोडी असते, पण ती एकाच बाजूनं नको. आईला आपण 'तू' म्हणतो, विठोबालाही 'तू'. म्हणजे 'तू' म्हटल्यानं मान जात नाही.

आणि सून. माहेरी ती ताई, बयो, चिमणी. सासरी आली की 'अमक्याची बायको', मग 'तमक्याची आई'. काही घरी तर लग्नात नावही बदलतात. कायद्यानं तशी कसलीच सक्ती नाही. सासूबाईंनो, सुनेला एकदा विचारा, 'तुला माहेरी काय म्हणायचे गं?' एवढं विचारलं तरी तिचा चेहरा बघा. तिनं सांगितलं, तरी लगेच ते नाव वापरू नका. ते तिच्या आईचं आहे. तिनं हो म्हटलं तरच.

येत्या बैठकीला बचत गटाच्या हजेरीत नवऱ्याचं नाव, आडनाव बाजूला ठेवा आणि लहानपणी जी हाक ऐकली असेल ती प्रत्येकीनं सांगा. वयस्क बायांपासून सुरुवात करा. त्यांना त्या नावानं हाक मारणारं आता घरात कुणी उरलेलं नसतं.