गैरहजेरीचा दंड



मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. तुमच्याकडे गटाची बैठक मारुतीच्या देवळात नाहीतर अंगणवाडीत भरत असेल. आमची समाजमंदिरात भरते, ते बंद असलं तर कुणाच्या तरी दहा बाय बाराच्या खोलीत. बाकी हप्ता, व्याज, इतिवृत्त, रुसवेफुगवे सगळं सारखंच. नियमही सारखेच. न सांगता बैठक चुकवली तर आमच्याकडे वीस रुपये दंड.

आज मला बोलायचंय ते ऑटिझमबद्दल. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. पण सुरुवात त्या वीस रुपयांपासून करते, कारण माझी चूक तिथे झाली.

आमच्या एका गटातली ताई, तिचं नाव सांगत नाही, सलग चार बैठकांना आली नाही. हप्ता मात्र तारखेला पोचायचा, मोठ्या मुलीच्या हातून. मी चारही वेळा तिच्या नावापुढे दंड लिहिला. ऐंशी रुपये. ती चार घरची धुणीभांडी करते. तिने ते ऐंशी रुपयेही मुलीच्या हातून पाठवले, एक शब्द न बोलता. आम्ही बायका आपसात म्हणालो, शिष्टच झालीय. मीही म्हणाले असेन.

मग एका संध्याकाळी वस्तीत आरडाओरडा झाला. तिचा पाच वर्षांचा मुलगा सापडत नव्हता. आमच्या वस्तीच्या मागून मुठेचा उजवा कालवा जातो, त्यामुळे पोर हरवलं की आमच्या पोटात गोळाच येतो. सगळी गल्ली त्याच्या नावाने हाका मारत फिरत होती. तासाभराने एका फुलवाल्या मावशींना तो दिसला. कालव्याच्या अगदी कडेला बसून एकेक खडा पाण्यात टाकत होता. मावशी मागून हाका मारत गेल्या, पण त्याने मान वळवली नाही. त्यांनी जवळ जाऊन दंड धरला तेव्हा कुठे तो ओरडला.

त्या रात्री मी तिच्या घरी गेले. दाराला खालची कडी होतीच, वर हात पोचणार नाही इतक्या उंचीवर आणखी एक नवी कडी ठोकलेली होती. ती कडी त्या दिवशी पाहुण्यांनी उघडी ठेवली होती. तेव्हा तिने मला सांगितलं ते ऐकून मला माझ्या हजेरीपुस्तकाची लाज वाटली. ती एकदा मुलाला घेऊन बैठकीला आली होती. आपण प्रार्थना म्हणतो, टाळ्या वाजवतो, वर पंखा घरघरत असतो. त्याने दोन्ही कान दाबून धरले आणि जमिनीवर लोळण घेतली. कुणीतरी म्हणालं, "एक धपाटा घाल, लाडावलाय." कुणीतरी म्हणालं, "आधी पोराला वळण लाव, मग गटात ये." त्यानंतर ती आली नाही. म्हणजे आम्हीच तिला घालवलं आणि वर दंडही घेतला.

घरात तर याच्या पुढचं होतं. सासूबाई म्हणायच्या, पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाहीस. नवरा म्हणायचा, तू कामाला जातेस म्हणून असा झाला. दृष्ट काढून झाली, अंगारे झाले, नवस झाला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका हं. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अकरा मुलांचा अभ्यास करून ऑटिझमची पहिली नीट नोंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षं तिकडच्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी दोष आयांवरच टाकला. आई बर्फासारखी थंड, तिने माया केली नाही, म्हणून मूल असं झालं, असं ते म्हणायचे. त्याविरुद्ध १९६४ साली पुस्तक लिहून उभा राहिला तो बर्नार्ड रिमलँड, स्वतः अशाच एका मुलाचा बाप. आज विज्ञान स्पष्ट सांगतं, की हा मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या मायेशी, ग्रहणाशी, कामाला जाण्याशी त्याचा संबंध नाही. आणि लसीशीही नाही. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा एक लेख १९९८ साली इंग्लंडमधल्या एका नियतकालिकात आला होता, बारा मुलांवरचा. तो चुकीचा ठरला आणि २०१० साली नियतकालिकाने तो मागे घेतला. पण अफवा अजून फिरतेच आहे. तेव्हा बाळाला गोवरची लस चुकवू नका.

आता हे ओळखायचं कसं? तुम्ही आई असाल, आजी असाल, अंगणवाडीत सेविका असाल, तर एवढं बघा. वर्षाचं बाळ नावाने हाक मारल्यावर वळून बघतं का? दीड वर्षाचं मूल चांदोबा, भूभू, विमान बोटाने दाखवतं का, आणि दाखवून झाल्यावर तुमच्या तोंडाकडे बघतं का? आईलाही ते दिसलं की नाही याची खात्री मूल करून घेतं, ते बघणं महत्त्वाचं. खोटाखोटा चहा करून तुम्हाला पाजतं का? की तासन् तास गाडीचं चाकच फिरवत बसतं, सगळ्या चपला एका रांगेत लावतं, चवड्यांवर चालतं, तुम्ही विचारलेला प्रश्नच पुन्हा म्हणून दाखवतं, मिक्सर लावला की कान दाबतं? आणि आधी येत असलेले चार शब्द बोलायचं बंद झालं असेल, तर एक दिवसही थांबू नका. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे ऑटिझमच असं नाही. पण तपासायला हवं. मुलींच्या बाबतीत तर जास्त लक्ष द्या. मुलगी गप्प एका कोपऱ्यात बसली की आपण "किती शांत गं" म्हणून कौतुक करतो.

आमच्या ताईला एका खाजगी दवाखान्यात सांगितलं होतं, "मुलगे उशिरा बोलतात, पाच वर्षांपर्यंत वाट बघा." तिने बघितली. तीन वर्षं गेली त्यात. तुम्ही बघू नका. दोन वर्षांच्या आसपासही जाणकार डॉक्टर ऑटिझम ओळखू शकतात. यासाठी रक्ताची तपासणी नसते, फोटोत ते दिसत नाही. मुलाला खेळताना बघून, आईवडिलांशी बोलूनच ठरवतात. त्याआधी कानाची तपासणी मात्र नक्की करून घ्या, कारण ऐकू येत नसेल तरी मूल हाकेला वळत नाही.

जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची गाडी तुमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदा. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पाहुणे आल्यासारखं लपवू तर मुळीच नका. डॉक्टरांना सांगा, बोलत नाही, बोट दाखवत नाही. ते चिठ्ठी देतात ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची. पुणे जिल्ह्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटरसारख्या, याच मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थाही आहेत.

मी ताईबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा दोन बस बदलाव्या लागल्या. दुसऱ्या बसमध्ये तो ओरडायला लागला आणि एक काका म्हणाले, "आवरा त्याला." मी काहीतरी उलट बोलणार होते. ताईने माझा हात दाबला. शांतपणे म्हणाली, "काका, त्याला आवाज सहन होत नाही. दोन स्टॉप आहेत, उतरतोच आम्ही." काका उठून उभे राहिले आणि खिडकीची जागा दिली. हे वाक्य तेव्हापासून मी पाठ केलंय. भांडायची ताकद रोज कुठून आणायची, ती तिला रोजच लागते.

ऑटिझम म्हणजे ताप नाही, की गोळी घेतली आणि उतरला. कुणी चाळीस हजारांत बरा करून देतो म्हणालं, स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणालं, तर तिथून उठा. त्याला शास्त्राचा आधार नाही. त्यासाठी गटातून कर्जही देऊ नका, हे मी समन्वयक म्हणून सांगते. उपयोग होतो तो रोजच्या शिकवण्याचा, वाचा उपचाराचा, ऑक्युपेशनल थेरपीचा. तिथे जे शिकवतात ते घरी रोज करायचं असतं.

आमच्या मुलाला बोलता येत नव्हतं, म्हणून तिथल्या ताईंनी चित्रं दाखवून मागायला शिकवा असं सांगितलं. गटातल्या बायकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर चित्रं काढली. तांब्या, बिस्किट, झोका, चप्पल. आमच्या अध्यक्षांनी काढलेला तांब्या चपातीच्या डब्यासारखा दिसत होता, खूप हसलो. मग त्याच्याच घरातल्या तांब्याचा मोबाइलवर फोटो काढून छापला, तो त्याला लगेच कळला. तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात त्याने तांब्याचं चित्र आणून आईच्या हातात ठेवलं. स्वमग्न शब्द ऐकला की वाटतं, मूल आपल्यातच बुडालेलं, त्याला कुणाचं काही नाही. तसं नसतं हो. त्याला सगळं हवं असतं, ते मागायची वाट सापडत नसते.

गटाने काय केलं तेही सांगते. पहिलं, बैठकीच्या वेळी आळीपाळीने एकीने त्याच्याजवळ बसायचं ठरवलं. पहिल्या पाळीला मीच होते आणि तो मला चावला. मी त्याच्या रांगेतला एक डबा उचलला होता. आता कुणीही आधी त्याच्या आईला विचारतं, काय आवडतं, काय नाही. दुसरं, प्रार्थनेनंतर टाळ्या बंद केल्या. त्याने कुणाचं काही अडलं नाही. तिसरं, त्याच्या प्रत्येक शर्टाच्या आतून आईचा फोन नंबर शिवला. अशी काही मुलं घरातून निसटतात आणि पाण्याकडे ओढली जातात. तुमच्या गावात विहीर असेल, शेततळं असेल, कॅनॉल असेल. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याकडे धावा, मग बाकी ठिकाणं. आणि हाक मारून थांबू नका, ते हाकेला ओ देईलच असं नाही.

आता कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहेत, त्यात ऑटिझम आहे. चाळीस टक्के किंवा जास्तीचं प्रमाणपत्र असेल तर बहुतेक योजना लागू होतात. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो घेऊन सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात यूडीआयडी कार्डाचा अर्ज भरा, मग दवाखान्यात तपासणी होते. लहान वयातलं प्रमाणपत्र कधी ठरावीक मुदतीचं असतं, ती तारीख बघून ठेवा. राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. अशा मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांबद्दल विचारा. संजय गांधी निराधार योजनेत बसतं का, ते तहसील कार्यालयात विचारा. मूल अठरा वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. आमच्यानंतर याचं कोण, हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एक गोष्ट मात्र आमच्याही लक्षात फार उशिरा आली. हप्ता घेऊन येणारी ती मोठी मुलगी. सहावीत आहे. आई कामाला गेली की दुपारी भावाला तीच सांभाळायची, म्हणजे दुपारची शाळा बुडायची. तिच्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला होता. आम्ही सगळ्या मुलाचंच बोलत होतो, आणि ती दारात उभी राहून ऐकत असायची. एकदा तिने मला विचारलं, "मॅडम, हा मोठा झाल्यावरपण मीच ना?" मला उत्तर देता आलं नाही. मग ताईने सकाळची दोन घरं सोडून संध्याकाळची धरली, तेव्हा नवरा घरी असतो. पगार थोडा कमी झाला. आधी नवरा मुलाला घेऊन बाहेर पडायला लाजायचा, आता रविवारी सारसबागेत नेतो. सगळं सुरळीत झालंय असं नाही, मागच्याच आठवड्यात पुन्हा भांडण झालं. पण मुलगी रोज शाळेत जाते.

त्या ऐंशी रुपयांचं राहिलं. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, म्हणून पुढच्या बैठकीत ठराव करून ते परत दिले आणि खर्चाच्या बाजूला तशी नोंद केली. नियमातही एक ओळ वाढवली. सलग दोन बैठका बाई आली नाही, तर दंड लिहिण्याआधी सचिव आणि अध्यक्ष तिच्या घरी जाऊन येतील. तुमच्या गटात असा ठराव घ्यायचा असेल तर मजकूर या अंकाच्या पत्त्यावर मागवा, आम्ही पाठवू.

वेळ संपत आली. नमस्कार.