त्वचेचे आरोग्य : न लिहिलेला खर्च
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत मी संस्थेचा जमाखर्च मांडतो. आज अध्यक्षांच्या अनुमतीने एका निराळ्या खात्याविषयी चार शब्द बोलतो. मी डॉक्टर नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, तेच येथे सांगत आहे.

हिशेबाच्या भाषेत ज्याला घसारा म्हणतात, तो त्वचेलाही लागू आहे. वयोमानाने होणारी झीज कोणालाच टळत नाही. परंतु तीत आपण स्वतःच मोठी भर घालतो. पहिली भर उन्हाची. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे वाहन चालवताना खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतली होती. तंबाखूने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो. रक्तातील जादा साखर त्वचेला आधार देणारे तंतू ताठर करते. मानेवरचा काळसर, मखमली पट्टा आपण मळ समजून घासत बसतो. पुष्कळदा ती मधुमेहाच्या वाटेवरची पूर्वसूचना असते. तेथे साबण नव्हे, रक्ततपासणी हवी.

आता ताणाविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्या मातोश्री दीर्घकाळ रुग्णशय्येवर होत्या. दिवसा कार्यालय आणि रात्री उशाशी जागरण, असा माझा क्रम होता. त्या काळात बोटाला झालेली लहानशी जखम काही केल्या भरेना. रक्तातील साखर तपासली, ती योग्य निघाली. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "झोपता किती? जेवता केव्हा?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे एका अभ्यासाची माहिती मिळाली. तो १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतील ओहायो येथे, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर, त्यांच्या संमतीने, एक बारीकशी जखम करण्यात आली. अशी जबाबदारी नसलेल्या तेवढ्याच वयाच्या १३ स्त्रियांच्या तुलनेत ती भरून येण्यास सरासरी नऊ दिवस अधिक लागले. मनावरचा भार त्वचेवर असा उमटतो.

हे वाचल्यावर मला आपल्याच रुग्णालयातील व्हरांडा आठवला. तेथे सतरंजी अंथरून, चहा-बिस्किटांवर रात्री काढणाऱ्या नातेवाईकांना मी वर्षानुवर्षे केवळ 'गर्दी' समजत आलो. रुग्णाच्या औषधाची पै न् पै आपण लिहितो. त्यांच्या जागरणाचा खर्च कोणत्याच वहीत नाही.

आप्तेष्टांना माझी विनंती आहे, की शुश्रूषेच्या पाळ्या लावून घ्या, वेळेवर भाजी-भाकरी, वरण-भात खा आणि आपली पाळी नसेल तेव्हा निःशंकपणे झोपा. त्यात रुग्णाशी प्रतारणा नाही. विश्वस्त व देणगीदारांपुढे प्रस्ताव ठेवतो, की नातेवाईकांसाठी एक विश्रांतिकक्ष आणि रात्रीचे अल्पदरातील गरम जेवण यांची तरतूद आगामी अंदाजपत्रकात व्हावी. ही रक्कम खर्चाच्या बाजूला दिसेल. परंतु ती जमेचीच आहे, असे एक जुना हिशेबनीस म्हणून मी खात्रीने सांगतो.