वलगावमार्गे चिखलदरा

अमरावतीहून सहकुटुंब मोटारीने चिखलदऱ्यास जाणाऱ्या मंडळींस वाटेत प्रथम वलगाव लागते. पुढे परतवाडा आणि मग घाट. सुमारे ११०० मीटर उंचीवरील थंड हवा, भीमकुंडाची खोल दरी, कॉफीचे मळे आणि डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांपासून घेतलेला गाविलगड पाहून मुले हरखून जातात. दरीकाठी शिदोरी सुटते. माणसे उठतात, कागद व पत्रावळी मात्र तेथेच राहतात.

हाती खराटा घेऊन गावोगाव झाडणारे गाडगे महाराज २० डिसेंबर १९५६ रोजी याच वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलानजीक, प्रवासातच निवर्तले. परतीच्या वाटेवर मुलांस ती हकीकत अवश्य सांगावी. परंतु आपला केरकचरा गाडीत परत आणला असेल, तरच ती सांगणे शोभेल.