दीड वर्षाचा प्रवासी



वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागांत आष्टी म्हणून एक तालुक्याचें गांव आहे. १९४२ सालच्या ऑगस्टच्या १६ तारखेस, नागपंचमीच्या दिवशीं, तेथील व आसपासच्या खेड्यांतील लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि त्यांतील कित्येकांनीं तेथें देह ठेवला. तेव्हांपासून ‘शहीद आष्टी’ हेंच नांव लोकांच्या तोंडीं बसलें आहे. त्या गांवांत मीं ३१ वर्षें मुलांना शिकविलें. इतक्या मोठ्या आठवणीचें गांव सांगून मी आज बोलणार आहें तें मात्र अगदींच घरगुती गोष्टीविषयीं, म्हणून आरंभींच क्षमा मागतें. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं आमच्या १९ महिन्यांच्या नातवाला थीम पार्क दाखविण्यास नेलें, त्याची ही हकीगत आहे.

माझा मुलगा पुण्यास एका कारखान्यांत नोकरीला आहे. सून आमच्या तालुक्यांतच शिक्षिका आहे. तिची बदली होत नाहीं व याला इकडे काम मिळत नाहीं. त्यामुळें दोन-अडीच महिन्यांतून चार दिवस तो घरीं येतो. विदर्भांतील पुष्कळ घरांची आज हीच रीत झाली आहे. बाळ रोज रात्रीं फोनच्या पडद्यावर बापाला पाहत असे, हात हलवीत असे, कांचेला ओठ लावीत असे. पण तोच बाप दारांतून आंत आला कीं हा आईच्या पदरामागें. पडद्यावरचें वीतभर तोंड त्याच्या ओळखीचें होतें. उंच, दाढी वाढविलेला, प्रवासाच्या वासाचा हा मनुष्य ओळखीचा नव्हता. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला परका व आपला हा भेद कळूं लागतो व तें परक्याला बुजतें, हें वाढीचें लक्षण आहे, असें डॉक्टर सांगतात. तें खरेंच आहे. पण चौथ्या दिवशीं, मूल कोठें जवळ येऊं लागलें तोंच पिशवी उचलावी लागणाऱ्या बापाला हें शास्त्र सांगून काय उपयोग?

तेव्हां त्यानें ठरविलें कीं, दिवाळींत सर्वांनीं पुण्यास यावें व एक दिवस थीम पार्कांत घालवावा. तिकिटें काढूनच त्यानें आम्हांला कळविलें. शेजारच्या आजीबाई ऐकतांच म्हणाल्या, “एवढ्याशा पोट्ट्याले कायले नेता, मास्तरीनबाई? त्याले काय समजते?” आमच्या घरच्या मंडळींचेंही मत तेंच पडलें. “त्याला यांतलें एक अक्षर आठवणार नाहीं,” ते म्हणाले. आणि हेंही खरें आहे. तीन वर्षांपूर्वींच्या आठवणी पुढें बहुधा कोणाच्याच शिल्लक राहत नाहींत. मीं तेव्हां उत्तर दिलें नाहीं. उत्तर मजजवळ नव्हतें.

ज्यांनीं हीं स्थळें पाहिलीं नसतील त्यांच्यासाठीं सांगतें. थीम पार्क म्हणजे कायमची मुक्काम करून बसलेली जत्रा, मात्र तिच्यांतील पाळणे, घरें, वेष, गाणीं सारीं एकाद्या कथेच्या धाग्यांत ओवलेलीं असतात. अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने यानें १९५५ च्या जुलैच्या १७ तारखेस आपलें डिस्नेलँड उघडलें. त्याची मूळ कल्पना तो अशी सांगत असे: लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कांत त्याच्या मुली फिरत्या चक्रावर बसत आणि हा बांकावर एकटा बसून राही, तेव्हां आईबापांना व मुलांना मिळून मौज करतां येईल अशी एकादी जागा असावी, असें त्याच्या मनांत आलें. आपल्याकडे दिल्लीचें अप्पू घर १९८४ सालीं उघडलें (तें २००८ सालीं बंद झालें), मुंबईजवळ गोराईचें एस्सेलवर्ल्ड १९८९ सालीं, आणि खोपोलीजवळचें इमॅजिका २०१३ सालीं. त्याआधींच्या पिढीला मुंबईच्या कमला नेहरू पार्कांतला म्हातारीचा बूट आणि पुण्याच्या पेशवे पार्कांत १९५६ सालीं सुरू झालेली ‘फुलराणी’ एवढ्यावर समाधान होतें; आणि दोन वर्षांच्या मुलाला, माझ्या मतें, तेवढेंच पुरे आहे.

आमच्या भागांतल्या मुलाची पहिली मौज निराळीच असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं येथें तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशीं मिरवून होतात. या दिवशीं मुलें चाकांवरचे लांकडी बैल सजवून, दोरीनें ओढीत, घरोघर नेतात व बोजारा घेतात. नागपूर-वर्ध्याकडे हा सण थाटाचा. आमच्या जिल्ह्यांतल्या सिंदी रेल्वे येथें तर माणसाहून मोठे लांकडी बैल निघतात. त्याच दिवशीं नागपुरांत मारबती-बडग्यांची मिरवणूक असते, आणि तेथें मुलें बापाच्या खांद्यावर बसून तीं अक्राळविक्राळ सोंगें पाहतात. आमच्या बाळाचा बैल वीतभर लांबीचा, तांबड्या झुलीचा. तान्ह्या पोळ्यापासून तो बैल त्याच्यापासून क्षणभर दूर झाला नव्हता, आणि अर्थातच तो पुण्यासही आला.

निघण्यापूर्वीं सुनेनें व मीं बसून तयारी केली. बाळाला दाराच्या चौकटीशीं उभा करून मापला: ८१ सेंटिमीटर. हें माप घरींच घेतलें तें फार बरें झालें. या नगऱ्यांतून कोणत्या पाळण्यावर कोणीं बसावें हें वयावर नसून उंचीवर असतें; दारीं खुणेची काठी उभी केलेली असते, आणि १०० किंवा १२० सेंटिमीटरची अट सर्रास दिसते. तिकीटही कोठें वयावर, कोठें उंचीवर घेतात. म्हणून आधीं फोन करून सारें विचारून घ्यावें: बाबागाडी मिळते काय, मुलाला पाजण्यास व त्याचे कपडे बदलण्यास आडोसा आहे काय, घरचा मऊ भात आंत नेऊं देतात काय. मोठ्यांचे डबे बहुधा दाराशींच अडवितात. बाळाच्या अन्नाला सहसा हरकत घेत नाहींत, पण विचारलेलें बरें. आमचा मुलगा म्हणाला, “आई, एका दिवसासाठीं एवढी यादी?” मीं ३१ वर्षें शाळेच्या सहली नेल्या आहेत. यादीवर मीं वाद घालीत नाहीं.

प्रवासाविषयीं थोडक्यांतच सांगतें. वर्ध्याहून रात्रींची गाडी धरली. पांच वर्षांखालील मुलाला रेल्वेंत तिकीट लागत नाहीं, पण बाकही मिळत नाहीं. तेव्हां सून व बाळ एकाच बाकावर आडवीं झालीं व मी जागत बसलें. आमची एक चूक येथेंच व्हावयाची होती, ती सुनेनें टाळली. मुलाचा बेत असा होता कीं, सकाळीं उतरावें व तसेंच थेट पार्काला जावें. तिनें स्पष्ट सांगितलें कीं मधला एक दिवस विसांवा पाहिजे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. ती मोडली कीं पुढचा सारा दिवस मोडतो.

त्या पार्काचें नांव मी घेत नाहीं. त्याचा कांहीं दोष नव्हता. स्वच्छता उत्तम, माणसें आर्जवी. दहा वाजतां आम्ही आंत गेलों आणि मुलाचा उत्साह काय सांगावा! त्यानें नकाशा पाठ केला होता. प्रथम एका नौकेंत बसून काळोख्या बोगद्यांतून जावयाचें होतें. तेथें उंचीची अट नव्हती. बोगद्यांत शिरतांच एक प्रचंड ढोल वाजला व बाळानें जो टाहो फोडला तो नौका बाहेर येईपर्यंत. त्यानें बापाकडे पाहिलें तें असें, कीं हा सर्व प्रकार यानेंच केला! पुढें फिरतें चक्र होतें. त्यावरच्या घोड्यावर बसण्यास तो तयार होईना. जेथें जावें तेथें हा मान फिरवी व खालीं उतरण्यास धडपडे. शेवटीं खालीं सोडला, तर पिशवींतून आपला बैल काढून दोरी धरून चालूं लागला. फरसबंदी गुळगुळीत, चाकें खडखड वाजत आहेत, आणि एका बाजूस आकाशांत माणसें किंचाळत उलटीं होत आहेत. हा मान वर करून पाहीसुद्धां ना. शेंकडों रुपयांचें तिकीट, आणि मुलगा काय करतो, तर आष्टीच्या अंगणांत करीत असे तेंच.

माझा मुलगा बांकावर बसला. कांहीं बोलला नाहीं. डिस्नेची गोष्ट मला तेव्हां आठवली. बांकावर बसावें लागूं नये म्हणून जी नगरी निघाली, तिच्यांतही लहानग्याचा बाप शेवटीं बांकावरच येतो. पण याचें दुःख निराळें होतें, आणि तें मला दिसत होतें. “त्याला माझ्याबरोबर काहींच नको आहे, आई,” तो एकदांच म्हणाला.

मध्यान्हीं आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानीं आली. हिंवाळा लागला तरी त्या बाजूची दुपार दमट असते. बाळ सकाळपासून खेळण्याच्या भरांत पाणी नाकारीत होतें, तोंड सुकलें होतें, आणि सकाळीं बांधलेला डायपर सहा तासांनींही कोरडाच होता. हें लक्षण मातांनीं ध्यानांत ठेवावें; लहान मूल सहा तास लघवीला झालें नाहीं तर तें धोक्याची सूचना समजावें. आम्ही लगेच सावलींत गेलों व चमच्या-चमच्यानें जलसंजीवनी पाजली. तिची पुडी जवळ नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण पाठ असावें. मीठ अंदाजानें घालूं नये. मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले किंवा रडतांना आंसवें येईनाशीं झालीं तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवितां दवाखाना गांठावा. आमच्यावर ती पाळी आली नाहीं. पाऊण तासानें डायपर ओला झाला व आम्हां तिघांनाही इतका आनंद झाला कीं विचारूं नका.

नंतर सून व मी भाताचा डबा गरम करून मिळतो का हें पाहण्यास गेलों. बापलेक झाडाखालीं होते. मध्यें दोन हातांचें अंतर राखून. आम्ही परत येतांना मीं दुरूनच पाहिलें: त्या नगरींतलें एक सोंग, हत्तीचें भलें मोठें कापडी डोकें घातलेला एक मनुष्य, मुलांशीं हस्तांदोलन करीत त्यांच्याकडे येत होता. बिचाऱ्याचा हेतु अगदीं चांगला. पण बहुरूपी दारीं आला कीं आमच्या गांवचीं मुलें जशीं माजघरांत पळतात, तशी दशा झाली. माजघर तेथें नव्हतें. आईही नव्हती. बाळानें एकदां हत्तीकडे पाहिलें, एकदां बापाकडे पाहिलें, आणि बैल तेथेंच टाकून बापाच्या पायाला मिठी मारली. मुलानें त्याला उचलून घेतलें. त्या सोंगाला त्यानें हातानेंच दुरून जाण्याची खूण केली, हें मला आवडलें. कित्येक आईबाप अशा वेळीं छायाचित्रासाठीं रडत्या मुलाला सोंगाच्या हातीं देतात, तें मला क्रूरपणाचें वाटतें.

सुनेनें पुढें जाण्यासाठीं पाऊल उचललें, तों मीं तिचा हात धरला. आम्ही तेथेंच उभ्या राहिलों. बाळ हुंदके देत देत बापाच्या खांद्यावर डोकें ठेवून झोंपीं गेलें, तें दोन तास उठलें नाहीं. त्या दोन तासांत मुलगा बांकावरून हालला नाहीं. त्याचा खांदा आंखडला असेल. आम्हीं “आम्ही घेतों” म्हटलें तर मानेनेंच नाहीं म्हणाला. सुनेला मीं बळेंच एका उंच पाळण्यावर पाठविलें. ती वरून उतरली तेव्हां शाळेंतल्या मुलीसारखी हंसत होती. तिकिटाची किंमत तेवढ्यानें वसूल झाली असें मी मानतें.

परत येतांना आम्हीं एकही मोठा खेळ पाहिला नाहीं. दारापाशीं पाण्याचा नळ गळत होता, तेथें बापलेक अर्धा तास हात ओले करीत बसले होते.

आतां आपल्यापैकीं कोणी मला विचारील कीं, एवढ्या लहान मुलाला न्यावें कीं नाहीं? माझें मत विचाराल तर मुलाच्या करमणुकीसाठीं नेऊं नये; त्यासाठीं नागपूरच्या मोतीबागेंतलें रेल्वेचें संग्रहालय आणि तेथली लहान आगगाडी, किंवा महाराजबागेंतले प्राणी खूप झाले, आणि संध्याकाळीं घरीं परततां येतें. पण घरांतल्या दुसऱ्या कोणासाठीं जावयाचें असेल तर जरूर जावें, आणि मग मुलाकडून उपकाराची अपेक्षा ठेवूं नये. सकाळीं निघण्यापूर्वीं मुलाचें त्या दिवशींच्या कपड्यांतलें एक छायाचित्र काढून ठेवावें व दंडावर शाईनें आपला फोनचा आंकडा लिहावा, एवढी सूचना शाळेच्या सहलींवरून देतें. गर्दींत हरवलेलें मूल आपलें नांव सांगूं शकत नाहीं.

मध्यंतरीं नाताळच्या सुटींत मुलगा घरीं आला. बाळ पदरामागें गेलेंच. पांच-दहा मिनिटांनीं मात्र आपला बैल घेऊन बाहेर आलें आणि दोरी बापाच्या हातांत दिली. बैलाचें मागचें एक चाक त्या फरसबंदीवर निखळलें आहे. तें गांवच्या सुताराकडून बसवून घ्यावयाचें अजून राहिलें आहे.