रक्षकाची परीक्षा



संगणकांतील माहितीचें रक्षण हा ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या परीक्षांत ‘सी. आय. एस. एस. पी.’ ही कठीण म्हणून गाजलेली आहे. एप्रिल २०२४ पासून ती तीन तासांची झाली. प्रश्न किमान १००, कमाल १५०; उत्तीर्ण होण्यास १००० पैकीं ७०० गुण. आधींचीं उत्तरें पाहून यंत्र पुढील प्रश्न निवडतें, आणि दिलेलें उत्तर मागाहून फिरवितां येत नाहीं. शिवाय सनदेसाठीं सामान्यतः पांच वर्षांचा अनुभव लागतो.

पुष्कळ कुशल तंत्रज्ञ येथें अडखळतात. त्यांचा हात प्रथम यंत्राकडे धांवतो; प्रश्न मात्र विचारीत असतो कीं, जोखीम कोणाची, तिचें मोल किती, निर्णयाचा अधिकार कोणाचा? आग लागली असतां आधीं माणसें बाहेर काढावयाचीं, मग यंत्रें. हा क्रम अंगीं मुरला पाहिजे. म्हणून आठहि विषय वाचतांना प्रत्येक चुकलेल्या सराव-प्रश्नापुढें आपलें उत्तर कां चुकलें, हें स्वतःच्या शब्दांत लिहावें. त्या वहीसारखा दुसरा गुरु नाहीं.

फुटलेले प्रश्न विकत घेण्याचा मोह मात्र टाळावा. गुपितें राखण्याची सनद मिळविण्यासाठीं ज्यानें चोरलेलें गुपित विकत घेतलें, त्याच्या हातीं रुग्णालयांतील नोंदी किंवा पेढीवरील ठेवींचे हिशेब कोण सोपवील? पहिल्यांदा अनुत्तीर्ण झालेल्यास तीस दिवसांनीं पुन्हां बसतां येतें. तेवढे दिवस अभ्यासांत घालवावे, हेंच श्रेयस्कर.